औंधचे भवानी वस्तुसंग्रहालय नीट कसे पाहावे

सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात औंध नावाचे गाव आहे. गावाला लागून यमाईचा डोंगर आहे आणि त्या डोंगराच्या अर्ध्या वाटेवर श्री भवानी वस्तुसंग्रहालयाची इमारत उभी आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ती १९३८ साली संग्रहासाठीच उभारली. राजे स्वतः चित्रकार होते. हे ध्यानात ठेवून आत गेलात तर अर्धे काम तिथेच होते, कारण हा संग्रह चित्र काढणाऱ्या माणसाने शिकण्या-शिकवण्यासाठी जमवलेला आहे. म्हणून इथे रविवर्म्याची अस्सल चित्रे दिसतात आणि युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकलाही दिसतात. पहाडी, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या संस्थानांतल्या शैलीची लघुचित्रे आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचे दगडी शिल्पही आहे. देवदर्शनाला आलेली बरीच मंडळी वीस मिनिटांत सगळी दालने फिरून बाहेर पडतात. पुढची माहिती निदान अडीच तास देऊ शकणाऱ्यांसाठी आहे.

जायचे कधी आणि कसे

पहिली चूक नकाशात होते. फोनवर नुसते ‘औंध’ टाकले की पुण्यातले औंध उघडते, आणि घाईत हिंगोली जिल्ह्यातले औंढा नागनाथही निवडले जाते. ‘औंध, खटाव, सातारा’ असे पूर्ण टाका किंवा ‘यमाई मंदिर मूळपीठ औंध’ शोधा. निघण्यापूर्वी रस्ता कोरेगाव-रहिमतपूरवरून जातो आहे ना, एवढे पाहून घ्या.

साताऱ्याहून औंध चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे. स्वतःच्या गाडीने सव्वा तास धरा. पुण्याहून अंतर दीडशेच्या आसपास भरते, म्हणजे सकाळी सहाला निघालात तर वाटेत चहा-नाश्ता करूनही संग्रहालय उघडण्याच्या वेळेला पोहोचता. कऱ्हाडकडून येणाऱ्यांना पुसेसावळीवरून यावे लागते. तेही अंतर साधारण साताऱ्याहून आहे तेवढेच. रेल्वेने यायचे तर पुणे-मिरज मार्गावर रहिमतपूर हे जवळचे स्थानक, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत आणि स्थानकावरून पुढचे वाहन हाताशी असेलच असे नाही. त्यापेक्षा साताऱ्याला उतरून एसटी धरणे सोपे. मात्र साताऱ्याचे रेल्वे स्थानक माहुलीला आहे आणि एसटी स्टँड शहरात, त्या मधल्या सहा-सात किलोमीटरसाठी अर्धा तास हाताशी ठेवा. औंधच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा चौकशी खिडकीवर विचारा आणि लिहून घ्या. संध्याकाळी गाड्या विरळ होतात.

वार ठरवताना सोमवार टाळा. राज्य सरकारच्या संग्रहालयांची सुट्टी सहसा सोमवारी असते आणि औंधचा संग्रह सरकारच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. सार्वजनिक सुट्टीला जोडून बेत आखत असाल तर आदल्या दिवशी फोन करून खात्री केलेली बरी. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा हे देवीचे वार. त्या दिवशी डोंगराच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि दर्शन आटोपलेले घोळके एकदमच संग्रहालयात शिरतात. नवरात्र आणि पौषातली यात्रा या काळात चित्रे पाहायला जाऊच नका. यात्रा पाहायची असेल तर तिच्यासाठी वेगळे या. बुधवार किंवा गुरुवारची सकाळ सर्वांत उत्तम.

ऋतूचे म्हणाल तर खटाव हा दुष्काळी पट्टा. पाऊस बेताचा, हवा कोरडी. कागदावरच्या चित्रांच्या दृष्टीने हे चांगलेच, कोकणासारखी बुरशीची भीती इथे कमी. पण एप्रिल-मेचे ऊन डोंगरावर सोसत नाही. ऑगस्टच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ निवडा. ऐन पावसाळ्यात एक अडचण असते. ही इमारत दिवसाच्या उजेडाचा विचार करून बांधलेली आहे. आभाळ भरून आले की दालने अंधारतात, तैलचित्रांतले गडद भाग एकमेकांत मिसळतात आणि त्यातच वीज गेली तर निम्मी चित्रे नुसत्या चौकटींपुरतीच उरतात. स्वच्छ उजेडाचा दिवस आणि सकाळी साडेदहा ते दुपारी दीड ही वेळ साधा. चारनंतर पोहोचलात तर बंद करायची वेळ जवळ येते आणि पाहणे राहून जाते.

काय न्यावे

तीन ते पाच पट मोठे दाखवणारे भिंग घ्या. स्टेशनरीच्या दुकानात मिळते ते चालते. छोटी वही आणि शिसपेन्सिल घ्या. शाईचे पेन बाहेरच्या पिशवीत ठेवा, कारण शाईचा एक थेंब कागदी चित्रावर किंवा संगमरवरावर पडला तर तो डाग निघत नाही. पाठीवरची सॅक गाडीत राहू द्या. अरुंद जागेत वळताना सॅक मागे कुठे लागते ते आपल्याला दिसत नाही, आणि चित्राला बसणारा धक्का बहुतेक वेळा असाच बसतो. तिकिटासाठी सुटे पैसे ठेवा, डोंगरावर ऑनलाइन पैसे भरण्यासाठी रेंज मिळेलच असे नाही. पाणी, टोपी आणि डबा सोबत असावा. गावात चहा-वडापावाची सोय होते, पण चार-पाच जणांचे व्यवस्थित जेवण हवे असेल तर घरून भाकरी-चटणी आणलेली उत्तम.

फोटोचा नियम आत शिरण्यापूर्वी तिकिटाच्या खिडकीवरच विचारून घ्या. परवानगी असली तरी फ्लॅश बंद म्हणजे बंद. चित्रावर टॉर्चही मारू नका. जलरंग आणि कागदावरच्या कामासाठी जगभरची संग्रहालये ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचे एकक) आसपास उजेड ठेवतात आणि तैलचित्रांसाठी १५० ते २०० लक्स. उन्हातला उजेड याच्या कित्येकशे पट असतो. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. म्हणूनच लघुचित्रांचे दालन अंधुक वाटले तर ती गैरसोय मानू नका.

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटे

उन्हातून सावलीत आलेले डोळे लगेच काम करत नाहीत. अंधुक उजेडाला सरावायला पाच ते दहा मिनिटे लागतात. ही दहा मिनिटे थेट पहिल्या चित्रापुढे घालवली की ते चित्र काळवंडलेलेच वाटते आणि तेच मत मनात राहते. म्हणून आधी इमारत पाहा. उजेड कुठून आत येतो, खिडक्या कोणत्या उंचीवर आहेत, कोणत्या भिंतीवर तो पसरून पडतो आणि कोणत्या काचेवर त्याची तिरीप चमकते, हे हेरून ठेवा. पुढे प्रत्येक चित्रापुढे कुठे उभे राहायचे ते यावरूनच ठरणार आहे.

मग न थांबता सगळ्या दालनांतून एक फेरी मारा. वीस मिनिटे पुरतात. या फेरीत फक्त खुणा करायच्या: वहीत दालनाचा क्रम आणि जिथे पाय अडखळला त्या वस्तूचे नाव. फेरी संपली की यादीतल्या सहा-सात गोष्टी निवडा आणि उरलेला वेळ त्यांनाच द्या. हजारो वस्तूंच्या संग्रहात सगळे पाहीन म्हटले की तासाभरात डोके भरून येते, पाय दुखतात आणि शेवटच्या दालनातले काहीच दिसत नाही. एका चित्राला दहा मिनिटे खूप वाटतील, पण त्याहून कमी वेळात चित्र उलगडत नाही.

तैलचित्रे: बारा फूट, सहा फूट, दोन फूट

रविवर्मा (१८४८-१९०६), महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४), बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) आणि माधव सातवळेकर यांची कामे या संग्रहात आहेत. या प्रत्येकापुढे तीन अंतरांवर उभे राहायचे.

बारा फुटांवरून फक्त रचना पाहा. डोळे किंचित मिटून घ्या म्हणजे बारकावे पुसले जातात आणि उजेडाचे मोठे तुकडे कुठे आहेत ते कळते. रविवर्म्याच्या चित्रात बहुधा गडद पार्श्वभूमीवर एकच उजळ आकृती असते आणि नजर थेट चेहऱ्याकडे जाते. सहा फुटांवर आलात की हात पाहा. चेहरा सगळेच मनापासून काढतात. चित्रकाराची खरी तयारी बोटांत आणि मनगटात दिसते. शेवटी दोन फुटांवर या, त्याहून पुढे नाही, आणि साडीचा काठ शोधा. लांबून जी जर वाटत होती तिथे जवळून जर नसतेच. पिवळसर मातीरंगाचे छोटे फटकारे असतात, त्यांच्या मधोमध जवळजवळ पांढरा असा एखादा जाडसर ठिपका आणि बाजूला तपकिरी सावलीची रेघ. दोन पावले मागे सरका, पुन्हा जर होते. कोणत्या पावलाला रंगाची जर झाली ते दोन-तीनदा पुढेमागे होऊन पकडा. याच ठिकाणी तैलरंग म्हणजे काय ते हाताला लागल्यासारखे कळते.

चित्रावर वार्निश असते आणि त्यावर खिडकी चमकते. चमक आली की लोक मान वाकडी करतात; त्यापेक्षा एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरका, नाही जमले तर गुडघ्यात थोडे वाका. चमक जागा सोडते. मात्र ही चमक नेहमीच नडत नाही. चित्राच्या कडेला उभे राहून तिरक्या नजरेने पृष्ठभाग पाहिला की रंगाचे जाड थर, कुंचल्याच्या रेघा आणि तडे उठून दिसतात. तडे वाचता येतात. सगळीकडे पसरलेली बारीक जाळी वयाची. कडेपासून काही इंचांवर सरळ जाणारी तड मागच्या लाकडी चौकटीच्या पट्टीमुळे पडते. आणि कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल तड दिसली तर तिथे कॅनव्हासला कधीतरी धक्का बसला आहे.

जुने वार्निश पिवळे पडते, त्यामुळे सगळे चित्र चहाच्या पाण्यातून पाहिल्यासारखे वाटते. यावर उपाय सोपा. चित्रात नक्की पांढरी असणारी वस्तू शोधा: मोगऱ्याचा गजरा, धोतर, शंख, मोत्यांची माळ. ती आज जितकी पिवळी दिसते तितके पिवळेपण मनातल्या मनात सगळ्या चित्रातून वजा करा. आकाश निळे होते, कातडीचा रंग गुलाबीकडे झुकतो.

रविवर्मा, धुरंधर आणि बाबूराव या तिघांची तुलना करायची असेल तर एकच गोष्ट तिघांकडे शोधा. साडीच्या चुण्या सोयीच्या. रविवर्म्याच्या चुण्या जड आणि सावकाश, कापडाचे वजन सांगणाऱ्या. धुरंधरांच्या चुण्यांना चालीचा वेग असतो. धुरंधरांना माणसांची गर्दी आवडते आणि गर्दीतल्या प्रत्येकाची उभे राहण्याची तऱ्हा वेगळी असते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आधी विद्यार्थी आणि मग शिक्षक म्हणून घालवलेली वर्षे त्या रेषेत आहेत. बाबूराव पेंटर कडा धूसर ठेवतात, आकृती पार्श्वभूमीत हळूच विरघळते. हेच बाबूराव पुढे कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून मूकपट करणारे, आणि पडद्यावरच्या उजेडाचा विचार करणारा माणूस चित्रातही कडा कशा सोडतो ते इथे पाहायला मिळते. माधव सातवळेकर या तिघांच्या नंतरच्या पिढीतले. त्यांचे वडील पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर वेदांचे अभ्यासक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. तेही मुळात चित्रकार आणि औंधलाच कित्येक वर्षे राहिलेले. एवढ्याशा गावात ही माणसे एकत्र येण्याला राजाचा आश्रय कारणीभूत होता.

अस्सल, नक्कल आणि छापील

कोणत्याही जुन्या संग्रहात हा घोळ होतो, म्हणून ओळखायची रीत पाठच करून ठेवा. तैलचित्रात कॅनव्हासची वीण कुठेतरी डोकावते आणि रंगाची जाडी जागोजागी बदलते. रविवर्म्याची घरोघरी गेलेली चित्रे मात्र कागदावर दगडी छापाने छापलेली असतात. त्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत गिरगावला सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. अशा छापील चित्राकडे भिंगातून पाहिले की रंग सलग न दिसता बारीक ठिपक्यांची भुकटी दिसते, सावलीत दाट आणि उजेडात विरळ. काही छापील चित्रांवर कॅनव्हाससारखी वीण दाबून उठवतात आणि वरून वार्निश देतात, तिथे भले भले फसतात. अशा वेळी वीण सोडून द्या आणि रंगाची जाडी तपासा: छापात दागिन्यावरचा ठिपका उंच उठलेला नसतो. खालच्या पांढऱ्या पट्टीवर छापखान्याचे नाव असेल तर प्रश्नच मिटला, पण चौकट करताना ती पट्टी अनेकदा कापली जाते.

नक्कल ही तिसरी गोष्ट, आणि औंधला तिचे मोल मोठे आहे. युरोपातल्या चित्रांच्या हाताने रंगवलेल्या नकला पाहून ‘ही खरी नाहीत’ म्हणत पुढे सरकणारे पुष्कळ. १९३८ साली खटाव तालुक्यातल्या विद्यार्थ्याला इटलीतले चित्र पूर्ण आकारात आणि रंगांत पाहायचे तर दुसरा मार्ग कोणता होता? छापील पुस्तकातले चित्र तळहाताएवढे आणि बहुधा काळेपांढरे. नक्कल पाहताना पाटीवर मूळ चित्रकाराचे नाव आणि नक्कल करणाऱ्याचे नाव वेगळे दिले आहे का ते पाहा. मग फोनवर मूळ चित्र उघडून ताडून बघा: चेहऱ्याची ठेवण, बोटांची लांबी, सावलीतले रंग. नक्कल करणारा सावलीत हमखास चुकतो, मूळ चित्रकाराने सावलीतही रंग ठेवलेले असतात आणि नकलेत तिथे नुसता तपकिरी अंधार होतो. असे दोन-तीन फरक स्वतः शोधले की मूळ चित्रकाराचे कसब जास्त कळते.

लघुचित्रे

इथे सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवा. औंधकडे किरातार्जुनीयाच्या कथेवरची पहाडी शैलीतली चित्रमाला आहे आणि ती देशातल्या चांगल्या पहाडी चित्रमालांमध्ये गणली जाते. कथा माहीत नसेल तर नुसते हिरवे डोंगर दिसतील, म्हणून आधी कथा. पाशुपतास्त्रासाठी अर्जुन इंद्रकील पर्वतावर तप करतो. मूक नावाचा राक्षस डुकराचे रूप घेऊन त्याच्यावर धावून येतो. त्याच वेळी किराताच्या, म्हणजे शिकाऱ्याच्या वेषातला शंकर येतो. दोघांचे बाण एकदमच डुकराला लागतात आणि शिकार कोणाची यावरून भांडण जुंपते. बाण संपतात, धनुष्य जाते, शेवटी कुस्ती होते. शंकर प्रसन्न होतो आणि अस्त्र देतो.

आता चित्रापुढे उभे राहा आणि अर्जुन मोजा. पहाडी चित्रकार एकाच चौकटीत एकच माणूस दोन-तीनदा काढतो: इथे तप करणारा, तिथे बाण सोडणारा, पलीकडे झुंजणारा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती वेगवेगळी माणसे वाटतात आणि गोष्टच लागत नाही. वस्त्राचा रंग आणि मुकुट किंवा जटा यांवरून एकाच माणसाचा माग काढा. झाडे, खडक आणि डोंगराची कड यांनी चित्रकाराने प्रसंग एकमेकांपासून वेगळे केलेले असतात. त्या कडांच्या वाटेने नजर फिरवली की क्रम आपोआप लागतो.

काचेपासून वीतभर अंतर ठेवून भिंग धरा. काचेला टेकवू नका, श्वासाची वाफही काचेवर धरते. पापण्या, केसांची रेघ, पानांच्या शिरा या खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने काढलेल्या असतात, टोकाला एखादाच केस उरतो इतक्या बारीक. कागद म्हणजे अनेक कागद खळीने चिकटवून केलेली वसली. रंगाचे थर बसले की चित्र पालथे घालून पाठीमागून अकीकाच्या दगडाने घोटतात, त्यामुळे रंग कागदात दबतो आणि पृष्ठभाग मुलाम्यासारखा गुळगुळीत होतो. सोन्याचा रंग समोरून कधी कधी नुसता पिवळट तपकिरी दिसतो. खांदा किंचित वळवून कोन बदला, मुकुट एकदम पेट घेतो. लघुचित्र हातात धरून, हलवत पाहण्यासाठीच केलेले असते. ते भिंतीवर टांगलेले असले तर हलायचे काम आपण करायचे.

शिल्पे आणि कोरीव काम

हेन्री मूरचे ‘आई आणि मूल’ हे दगडी शिल्प पाहायला कलेचे विद्यार्थी लांबून येतात आणि पुष्कळदा पहिल्या नजरेत खट्टू होतात, कारण अपेक्षा भव्यतेची असते. संगमरवरातली अगदी खऱ्यासारखी शिल्पे आधी पाहा आणि लगेच मूरकडे या. जितके फिरता येईल तितके त्याच्या भोवती फिरा. आईचा खांदा कुठे संपतो आणि मूल कुठे सुरू होते ती जागा शोधा. त्याने दगडाला कातडीसारखे दिसायला लावलेले नाही, दगडाचा दगडपणा राखून त्यातूनच दोन जीव वेगळे केले आहेत. संगमरवराच्या शिल्पात कारागिराने नेमके उलटे साधलेले असते. दोन्ही रीती दहा मिनिटांच्या आत पाहायला मिळणे हे या गावाचे भाग्य आहे.

संगमरवर की प्लास्टर हे टकटक करून पाहायचे नाही. कानाची पाळी, बोटांची टोके अशा पातळ जागी मागून उजेड येत असेल तर संगमरवर आतून उजळतो. प्लास्टर खडूसारखे निस्तेज राहते आणि साच्याची बारीक शिवण बगलेखाली किंवा कानामागे राहून जाते. हात लावू नये याचे कारणही ठाऊक असावे: बोटांवरचे तेल आणि घाम संगमरवराच्या छिद्रांत मुरतो आणि काही वर्षांत तिथे पिवळे-तपकिरी डाग उठतात. कोणत्याही संग्रहालयात मूर्तीचे गुडघे आणि पायांची बोटे पाहा, लोकांचे हात नेमके कुठे लागतात ते दिसते.

हस्तिदंताच्या वस्तूंपाशी भिंग पुन्हा काढा. आडव्या कापलेल्या भागावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी असते. हाडात ती नसते, त्याऐवजी काळसर ठिपके आणि बारीक भेगा दिसतात, कारण तिथून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात.

लहान मुले आणि शाळेची सहल

शाळेने न्यायचे असेल तर एका वेळी पंचवीसच मुले आत सोडा, बाकीची बाहेर डबा खातील किंवा डोंगरावर जातील. अख्खी तुकडी एकदम आत गेली की पुढची दहा मुले चित्र पाहतात आणि मागची पुढच्यांच्या पाठी. प्रत्येकाला एकच काम द्या: किरातार्जुनीयात डुक्कर किती ठिकाणी आहे ते मोजा; चित्रातला एक हात पेन्सिलीने काढा; कोणत्याही एका चित्रातला उजेड कोणत्या बाजूने येतो ते बाण काढून दाखवा. तिसरी-चौथीच्या मुलांना पाऊण तास खूप झाला. वही टेकवायला काचेची पेटी वापरू देऊ नका, त्यासाठी घरून पुठ्ठा आणायला सांगा.

गुडघेदुखीच्या माणसांना डोंगराच्या पायऱ्या चढवू नका. गाडीरस्ता आहे, वाहनाने संग्रहालयापर्यंत जाता येते.

बाहेर आल्यावर

दुपारी जेवून तासभर बसा आणि ऊन कलल्यावर वर मूळपीठाला जा. तटबंदीच्या आत काळ्या पाषाणातली यमाई आहे आणि वरून सगळा माळ दिसतो. खाली गावात राजवाड्यालगत यमाईचे दुसरे मंदिर आहे. त्याच्यापुढची उंच दगडी दीपमाळ दुपारच्या तिरप्या उन्हात पाहावी, तेव्हा दिवे ठेवायच्या प्रत्येक हाताची सावली खांबावर पडते आणि घडण स्पष्ट होते.

गावातून फिरताना १९३८ सालाची दुसरी गोष्ट लक्षात असू द्या. त्याच वर्षी बाळासाहेबांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली आणि गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना १९३९ च्या जानेवारीत लागू झाली. कैद्यांना बिनभिंतीच्या वसाहतीत ठेवणारे आटपाडीजवळचे स्वतंत्रपूरही त्याच संस्थानातले. १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झाले. गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी चहाच्या दुकानात बोलायला बसलात तर विषय सूर्यनमस्कारांवर येतोच. राजा स्वतः रोज घालायचा आणि शाळांतून मुलांकडून घालून घ्यायचा.

दोन दिवस काढता येत असतील तर पहिल्या दिवशी संध्याकाळी वहीतल्या सहा-सात नोंदी वाचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतल्या दोनच चित्रांपुढे पुन्हा उभे राहा. एकच दिवस असेल तर शेवटच्या एसटीच्या आधीची गाडी धरा. शेवटची चुकली तर रहिमतपूरपर्यंत जाणारी जीप संध्याकाळी मिळेलच याचा भरवसा धरू नये.